प्रेस थांबायच्या आधीच अर्धं सेटिंग उरका: डाय बदलण्याचा वेळ कमी करण्याची पद्धत

चाकण, भोसरी, वाळूज, अंबड इथल्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत) एकाच १५० किंवा २०० टनी प्रेसवर दिवसाला तीन-चार जॉब चालतात. एक ब्रॅकेट संपला की डाय (पत्रा कापणारा किंवा वाकवणारा साचा) उतरते, दुसरी चढते. या मधल्या वेळाबद्दल विचारलं तर सेटर, म्हणजे डाय बसवणारा कारागीर, म्हणतो वीस मिनिटं, सुपरवायझर म्हणतो अर्धा तास, आणि प्रॉडक्शनच्या वहीत सव्वा तास निघतो. कुणीच खोटं बोलत नसतं. सेटर फक्त डाय बसवून बोल्ट आवळण्याचा वेळ धरतो, सुपरवायझर क्रेन आली तिथून धरतो. म्हणून आधी मोजणी एक करा: जुन्या जॉबचा शेवटचा ओके पीस ते नव्या जॉबचा पहिला ओके पीस. फोर्कलिफ्टची वाट, पाना शोधणं, क्वालिटीची वाट, सगळं यात आलं. ही व्याख्या फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर पुढची प्रत्येक चर्चा आकड्यांच्या भांडणात जाते.

आधी बघा, मग बदला

एक पूर्ण सेटिंग मोबाइलवर चित्रित करा. मोबाइल स्टँडवर, थोडा उंचावर, प्रेसची पुढची बाजू आणि येण्याजाण्याची वाट दोन्ही दिसतील असा लावा. शेवटचा पीस पडल्यापासून पहिला पीस पास होईपर्यंत मध्ये कुठेही थांबवायचं नाही. दुसऱ्या माणसाने कागदावर घड्याळाची वेळ आणि काम लिहीत जायचं. सेटर प्रेस सोडून कुठे आणि किती वेळा गेला हे खास लिहायचं. सेटरला आधी सांगा आणि व्हिडिओ त्यालाच पहिल्यांदा दाखवा. चूक पकडायला कॅमेरा लावलाय असं एकदा वाटलं की तो पुढच्या वेळी नेहमीसारखं काम करणार नाही, आणि ज्याच्या हाताला सगळं ठाऊक आहे तोच गप्प बसेल.

समजा एकूण ८० मिनिटं लागली आणि त्यांची फोड अशी निघाली: फोर्कलिफ्टची वाट आणि जुनी डाय रॅकवर पोचवणं १२, नवी डाय रॅकमधून काढून आणणं १४, पाने-बोल्ट-पॅकिंग गोळा करणं ९, डाय सरकवून जागेवर आणणं ८, क्लॅम्पिंग (डाय बोल्टने आवळणं) ७, शट हाइट लावणं (प्रेस किती खाली येऊन थांबते ते ठरवणं) ११, पहिल्या पीसची दुरुस्ती आणि तपासणीची वाट १९. पहिली तीन कामं ३५ मिनिटांची आहेत. जुनी डाय बोल्स्टरवरून (प्रेसच्या खालच्या टेबलावरून) उचलायची तेवढी दोन-तीन मिनिटं सोडली तर त्यातल्या एकाही कामासाठी प्रेस बंद असायची गरज नव्हती. बहुतेक शॉपमध्ये चित्र असंच असतं, आणि तरीही सुधारणेची पहिली सूचना येते ती हायड्रॉलिक क्लॅम्प घेण्याची. वरच्या हिशेबात क्लॅम्पिंगला ७ मिनिटं आहेत. लाखो रुपये घालून त्यातली पाच वाचतील आणि ३५ तशीच राहतील.

प्रेस चालू असतानाची तयारी

प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: हे करायला रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) थांबलेला असावा लागतो का? नसेल तर ते काम आधी उरकायचं किंवा नंतरवर ढकलायचं.

इशारा वेळेवर मिळाला तर तयारी होते. मिनिटाला १२ पीस निघत असतील तर ३६० पीस उरले म्हणजे बरोबर अर्धा तास उरला. एका बिनमध्ये (पीस ठेवायच्या पेटीत) १८० पीस मावत असतील तर शेवटच्या दोन बिनना लाल कार्ड लावा. पहिली लाल कार्डाची बिन प्रेसपाशी लागली की ऑपरेटरने सेटरला हाक मारायची. त्या अर्ध्या तासात पुढची डाय, तिची ट्रॉली, गेज (पीस तपासायचं माप) आणि नव्या जॉबचा पत्रा प्रेसजवळ आला पाहिजे.

ट्रॉली प्रत्येक प्रेसची स्वतंत्र हवी. वर फोमच्या शीटमध्ये प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खाच कापून घ्या, म्हणजे काय नाही ते लांबूनच दिसतं. बोल्ट अडकवायच्या २२ मिमीच्या टी-स्लॉटला (टी आकाराच्या खाचेला) एम२० चे टी-बोल्ट लागतात. वरच्या डायला चार, खालच्या डायला चार आणि दोन जादा असे दहा ठेवा. सगळे एकाच लांबीचे, जाड वॉशर आणि नट लावून तयार. एम२० नटाला ३० नंबरचा पाना लागतो, तो ट्रॉलीला साखळीने बांधा. शिवाय अॅलन कीचा सेट, पितळी हातोडा, बोल्स्टर साफ करायचा ब्रश, मॅग्नेट, तेलाचा दगड, एअर आणि ल्युब्रिकेशनचे फिटिंग. ट्रॉली परत ठेवताना मोजणी झालीच पाहिजे, कारण हरवलेली वस्तू पुढच्या शिफ्टला सापडत नाही तेव्हाच तिची किंमत कळते.

ही सगळी पद्धत एका हरवलेल्या बोल्टापासूनच सुरू झाली. १९५० साली हिरोशिमात, माझदाच्या तीनचाकी गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात, जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो ८०० टनी प्रेसची डाय बदलताना बघत होते. एक बोल्ट मिळेना म्हणून कामगार शोधायला गेला तो तासाभराने परतला, आणि शेवटी दुसऱ्या मशीनचा लांब बोल्ट घेऊन तो कापून, आटे पाडून वापरला. प्रेस बंद असतानाची कामं आणि चालू असताना होऊ शकणारी कामं वेगळी करायची हा विचार तिथून निघाला. पुढे १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं.

जुन्या डायला आधी जागा करून ठेवा. दोन डाय मावतील असं टेबल किंवा ट्रॉली असेल तर जुनी एका अर्ध्यावर ओढून घ्यायची आणि दुसऱ्या अर्ध्यावरची नवी आत ढकलायची. फोर्कलिफ्ट एकच असेल आणि ती जुनी डाय घेऊन रॅककडे निघून गेली, तर नवी डाय तिची वाट बघत पडते. जुनी डाय रॅकवर प्रेस सुरू झाल्यानंतर गेली तरी चालतं.

रॅकमध्ये डायवर डाय ठेवू नका. रोज लागणाऱ्या डाय कमरेच्या उंचीवर, महिन्यातून एकदा लागणाऱ्या वर किंवा खाली.

हात आत घालण्याआधी

वेळ कमी करायच्या नादात बोटं गेल्याची उदाहरणं प्रत्येक एमआयडीसीत आहेत, म्हणून हा क्रम कधीही मोडायचा नाही. डाय सोडण्यासाठी रॅम खाली आणावा लागतो, तेव्हा इंचिंगवर (रॅम थोडा-थोडा हलवत), दोन्ही हातांची बटणं वापरूनच आणा. वरच्या डायचे बोल्ट सुटले की रॅम पूर्ण वर न्या, मुख्य मोटर बंद करा आणि फ्लायव्हील (मोटरने फिरणारं जड चाक) थांबेपर्यंत थांबा. मोटर बंद झाल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतो आणि त्यातल्या ऊर्जेवर क्लच लागला तर एक पूर्ण स्ट्रोक होऊ शकतो. मग रॅम आणि बोल्स्टरमध्ये सेफ्टी ब्लॉक उभा करा. ब्लॉकची साखळी कंट्रोल पॅनलच्या प्लगला जोडलेली असावी. ब्लॉक जागेवरून निघाला की प्लग निघतो आणि मोटर सुरूच होत नाही. लाकडाचा ठोकळा सेफ्टी ब्लॉक नव्हे.

दोन माणसं असतील तर एक पुढून, एक मागून काम करा. एकट्याने चारही कोपऱ्यांना फेऱ्या मारण्यात बराच वेळ जातो. इंचिंगचं बटण मात्र एकाच्याच हातात, आणि दुसऱ्याने तोंडाने 'बाहेर' म्हटल्याशिवाय ते दाबायचं नाही.

डाय पहिल्या धक्क्यात जागेवर

पहारीने डाय डावीकडे-उजवीकडे सरकवत, स्टीलच्या पट्टीने मध्य मोजत बसणं थांबवायचं असेल तर बोल्स्टरवर मागे दोन आणि बाजूला एक असे तीन स्टॉपर पक्के करा. किंवा डायच्या खालच्या प्लेटच्या मागच्या कडेला एक व्ही खाच आणि एक सपाट कड करून घेतली तर दोन पिनवर डाय आपोआप मध्यावर बसते. लोडचा मध्य रॅमच्या मध्याखाली आला पाहिजे. बाजूला गेला तर रॅम एका अंगाला झुकतो, गिब (रॅमला सरळ चालवणाऱ्या पट्ट्या) झिजतात आणि पीसच्या एकाच बाजूला बर (कापलेल्या कडेला उठणारी धार) वाढत जातो. शँक वापरणाऱ्या सी-फ्रेम प्रेसवर सगळ्या डायांचा शँक (वरच्या डायचा रॅममध्ये बसणारा दांडा) एकाच व्यासाचा करून घ्या, म्हणजे बुश बदलायला लागत नाही.

बोल्स्टर साफ करताना कॉम्प्रेस्ड एअर मारू नका, टिकल्या (भोक पाडताना निघालेले पत्र्याचे तुकडे) डोळ्यात जातात आणि गिबमध्ये घुसतात. ब्रश आणि मॅग्नेट वापरा, मग बोल्स्टरवरून हात फिरवा. उठलेला कंगोरा लागला तर तेलाच्या दगडाने घासून काढा. खाली अर्ध्या मिलीमीटरची एक टिकली राहिली तरी डाय तिरकी बसते, आणि मग शट हाइट कितीही नीट लावली तरी ब्रॅकेटचा एक पाय वाकडाच निघतो. तिथे सेटर रॅम खाली घेऊन कोन मिळवायला बघतो आणि पंच तुटतो.

क्लॅम्पिंग

प्रत्येक डायची क्लॅम्पिंगची कड एकाच जाडीची हवी. एका डायला ३२, दुसरीला ४०, तिसरीला ५५ मिमी अशा कडा असतील तर दर वेळी वेगळं पॅकिंग (क्लॅम्पखाली लावायचा ठोकळा) आणि वेगळा बोल्ट शोधावा लागतो. डायच्या खाली कायमची सब-प्लेट लावा आणि तिला टी-स्लॉटच्या अंतरावर यू खाचा पाडा. बोल्ट टी-स्लॉटमधून सरकवत यू खाचेत आणायचा आणि आवळायचा. पट्टी क्लॅम्प आणि पॅकिंग दोन्ही गेलं.

बोल्टाची लांबी इथे फार महत्त्वाची. एम२० ची पिच २.५ मिमी असते. नटाला ४० मिमी खाली उतरायचं असेल तर १६ फेरे, आठ नटांना १२८ फेरे, आणि सोडताना पुन्हा तितकेच. आवळण्याचं खरं काम शेवटच्या एका फेऱ्यात होतं. बोल्ट इतक्याच लांबीचे कापा की आवळल्यावर नटाच्या वर दोन-तीन आटे दिसतील. सोडताना नट पूर्ण काढायचा नाही; दोन फेरे ढिला केला की बोल्ट खाचेतून मागे सरकतो.

काही डायांना पट्टी क्लॅम्प ठेवावाच लागतो. तिथे बोल्ट डायच्या जवळ आणि पॅकिंगपासून लांब हवा. बोल्ट बरोबर मध्ये असेल तर डायवर निम्माच जोर पोचतो. डायपासून एक तृतीयांश अंतरावर असेल तर दोन तृतीयांश पोचतो. पॅकिंग डायच्या कडेपेक्षा किंचित उंच ठेवा. बुटकं ठेवलं तर क्लॅम्प फक्त डायच्या बाहेरच्या कडेवर टेकतो आणि दोन-तीनशे स्ट्रोकनंतर डाय सरकायला लागते. स्क्रॅपच्या पट्ट्या एकावर एक रचून केलेलं पॅकिंग टाकून द्या.

शट हाइट: इथे बराच वेळ हरवतो

रॅम थोडा खाली, एक पीस, गेज; पुन्हा थोडा खाली, पुन्हा पीस. असे पाच-सहा पीस भंगारात जातात आणि दहा मिनिटं जातात. हे थांबवायचे दोन उपाय आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिला, एका प्रेसवरच्या सगळ्या डायांची बंद उंची एक करा. डाय २६५, २८२ आणि २९० मिमीच्या असतील तर सगळ्यांना ३२५ वर आणा: खाली ६०, ४३ आणि ३५ मिमीची प्लेट. या प्लेटच सब-प्लेटचं काम करतात, फक्त कडेची जाडी मशीनिंग करून सगळीकडे ३५ वर आणायची. आधी प्रेसच्या नेमप्लेटवरची कमाल आणि किमान शट हाइट बघा, आणि इतकी उंची घेतल्यावर पीस बाहेर काढायला रॅमखाली पुरेशी जागा उरते का तेही तपासा. वीस डाय एका उंचीवर येणं शक्य नसेल तर दोन-तीन गट करा आणि प्लॅनिंगमध्ये एका गटाच्या डाय लागोपाठ लावा.

इथे एक चूक फार महाग पडते. सब-प्लेटला स्लग, म्हणजे टिकल्या, पडायचं भोक डायच्या भोकापेक्षा प्रत्येक बाजूला मोठं हवं. भोक जरा जरी आड आलं तर टिकल्या आत साचतात, एकावर एक दाबल्या जातात आणि डाय इन्सर्ट (डायमधला कापणारा तुकडा) आतून फुटतो. दोन समांतर पट्ट्यांवर डाय ठेवत असाल तर पट्ट्या कापणाऱ्या भागाच्या शक्य तितक्या जवळ घ्या. फार लांब ठेवल्या तर डाय मध्ये वाकते आणि क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) बिघडतो.

दुसरा उपाय म्हणजे रॅमच्या अॅडजस्टमेंटवरचा काउंटर किंवा स्केल. तो बंद पडला असेल तर दुरुस्त करून घ्या, नसेल तर डिजिटल बसवून घ्या. प्रत्येक डायचं रीडिंग तिच्या सेटिंग कार्डावर लिहा. एक डाय दोन प्रेसवर चालत असेल तर दोन रीडिंग लागतात, कारण दोन प्रेसचे काउंटर आणि झीज सारखी नसते. रीडिंगवर नेहमी वरून खाली या. चुकून खाली गेलात तर १ मिमी वर जाऊन पुन्हा खाली या. स्क्रूमधला लॅश (ढिलेपणा) दर वेळी एकाच बाजूला राहिला तरच आकडा खरा राहतो. लॉक नट आवळल्यावर काउंटर परत वाचा, आवळताना आकडा थोडा हलतो. सुरुवातीचे आठ-दहा बदल कार्डापेक्षा ०.५ मिमी वर थांबा, इंचिंगवर एक पीस काढा आणि मग खाली या. कार्ड खरं ठरत गेलं की हे अंतर ०.२ वर आणा.

कार्ड का बिघडतं ते टूलरूमला समजावून सांगा. पंचाला धार लावताना ०.२ मिमी गेलं की डाय तेवढी बुटकी झाली. कार्ड तेच राहिलं, सेटर तेच रीडिंग लावतो आणि पीस पूर्ण कापला जात नाही. मग तो रॅम खाली घेतो, आणि दोन-तीन महिन्यांत कार्डावर कुणाचाच विश्वास उरत नाही. नियम असा करा: धार लावून जितकं काढलं तितकी शिम (पातळ पट्टी) टूलरूमने खाली घालायची, डायची उंची हाइट गेजवर मोजायची आणि मगच ती रॅकवर जायची. शिम घालणं शक्य नसेल तर कार्ड बदलून त्यावर तारीख आणि सही.

डायला स्टॉप ब्लॉक असतील तर समांतरता तपासायला सोल्डरच्या वायरचे सारखे तुकडे प्रत्येक ब्लॉकवर ठेवा, इंचिंगवर एकदा दाबा आणि मायक्रोमीटरने मोजा. चारही तुकडे ०.०५ मिमीच्या आत जुळले पाहिजेत. हे टूलरूमने महिन्यातून एकदा करावं, प्रत्येक सेटिंगला नाही.

एअर कुशनच्या (हवेच्या दाबावर खालून पॅड उचलून धरणाऱ्या) डायला कार्डावर हवेचा दाब आणि पिनांचा नकाशा लिहा. पिना एकाच लांबीच्या सेटमध्ये ठेवा. एक पिन १ मिमी बुटकी असेल तर पॅड तिरका होतो, ड्रॉच्या एका कोपऱ्यात सुरकुती आणि समोरच्या कोपऱ्यात चीर येते, आणि दोष मात्र पत्र्याला दिला जातो.

पहिला पीस

गेज क्वालिटी रूमच्या कपाटात आणि इन्स्पेक्टर दुसऱ्या लाइनवर असेल तर तयार प्रेस उभी राहते. गेज ट्रॉलीबरोबरच आलं पाहिजे, आणि पहिली लाल बिन लागली की इन्स्पेक्टरलाही निरोप गेला पाहिजे. मागच्या रनचा शेवटचा पीस तारखेचं लेबल लावून डायबरोबर ठेवा. तो हातात घेतला की बर कुठे होता, भोक कुठल्या बाजूला ओढलं होतं, हे सेटिंगच्या आधीच कळतं आणि दुरुस्ती टूलरूममध्येच होते. जॉब उतरवताना शेवटचा पीस न बघता डाय रॅकवर गेली, तर तिचं दुखणं पुढच्या सेटिंगच्या वेळी प्रेस बंद ठेवून काढावं लागतं. वरच्या हिशेबातली १९ मिनिटं मुख्यतः याच कारणाने गेलेली असतात.

पत्र्याची जाडी कार्डावर लिहा आणि नव्या कॉइलची जाडी मायक्रोमीटरने बघा. जाडी बदलली की बेंडचा कोन हलतो. सेटरने पत्रा न मोजता रॅम फिरवला तर कार्ड पुन्हा खोटं पडलं.

वाचलेल्या वेळाचं काय करायचं

दिवसाला ८० मिनिटांची चार सेटिंग म्हणजे ३२० मिनिटं. तेच सेटिंग २० मिनिटांवर आलं तर ८० मिनिटं लागतील आणि २४० वाचतील. ती सगळी जादा उत्पादनात घातली तर गोदामात मालच वाढेल. त्यातला मोठा भाग जास्त बदलांना द्या: दिवसाला चारऐवजी आठ बदल केले तरी १६० मिनिटंच लागतात. ग्राहकाला रोज ६०० पीस लागतात आणि सेटिंग परवडत नाही म्हणून तुम्ही आठवड्याचे ३६०० एकदम काढत असाल, तर आता १२०० काढून दोन दिवसांनी पुन्हा डाय चढवा. बर वाढलेला ३६०० पिसांनंतर कळण्याऐवजी १२०० नंतर कळेल.

प्रेसवर एक कागद लावा: तारीख, डाय नंबर, मिनिटं, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागली तर एका ओळीत कारण. शनिवारी सेटर, टूलरूम आणि क्वालिटीने तो मिळून वाचायचा आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं एकच कारण पुढच्या आठवड्यासाठी घ्यायचं. 'सेटरचा उशीर' हे कारण म्हणून लिहायचं नाही. त्याला कशासाठी थांबावं लागलं ते लिहायचं.